जुमादिल आकेची वाटणी

जुमादिल आके कमरेला पट्टा बांधून वर्गात यायचा. रशियात सिमेंटच्या गोण्या वाहून त्याची कंबर गेली होती, तिला आवळून धरायचा दवाखान्यातला रुंद पट्टा. बाकावर बसताना तो आधी एक हात टेकायचा, मग दुसरा, मग "या अल्ला" म्हणायचा, आणि त्यानंतर उरलेला जुमादिल खाली उतरायचा. आम्ही बाकीचे अठरा ते बावीसचे. तो तिशीतला, एका मुलीचा बाप. पहिल्या दिवशी तो दारातून आला तेव्हा मास्तर समजून आम्ही सगळे उभे राहिलो होतो. तोही बिचारा, सगळे उभे राहिले म्हणून मागे वळून पाहायला लागला, कोण आलं ते.

तेव्हापासून तो सगळ्यांचा आके. आके म्हणजे मोठा भाऊ. आमच्या तंत्रशाळेत नारिन नदीच्या पाण्याचं शिक्षण मिळतं: पाणी अडवायचं कसं, मोजायचं कसं, पाटानं खालच्या गावांना न्यायचं कसं. शिकून बाहेर पडलेल्यांतले थोडे धरणावर लागतात, बाकीचे मॉस्कोला जाऊन दुसऱ्यांच्या संडासांचे नळ बसवतात. जुमादिल आके उलट्या दिशेनं आला होता. धरणावरच्या एका साहेबानं त्याला शब्द दिला होता, कागद आण, नोकरी देतो. त्या कागदासाठी तो पोराटोरांच्या बाकावर, पाय आखडून, दोन वर्षं बसणार होता. त्याची जागा सरकारी होती, म्हणजे फी माफ. अट एकच, एकही विषय राहता कामा नये.

अभ्यासात तो यथातथाच. गणिताच्या तासाला त्याच्या चेहऱ्यावर लग्नघरी चुकून आलेल्या पाहुण्याचा भाव असायचा. त्याचं नाव झालं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. मेंढा कापला की वाटायला जुमादिलला बोलवा, असं आमच्या गावात म्हणायचे.

मेंढा काय, कुणीही कापतो. पण कुठलं हाड कुणापुढे ठेवायचं, तिथे भलेभले घामाघूम होतात. कमरेचं हाड सगळ्यात वडीलधाऱ्याला, मांडीची नळी त्याच्या खालच्याला, खांदा त्याच्या खालच्याला, असं करत करत सगळ्यात धाकट्यापर्यंत. त्याच्या वाट्याला पुढच्या पायाची बारीक नळी, तीही मिळाली तर. एकच वर्षाचं अंतर असलेले दोन म्हातारे शेजारी शेजारी बसले की वाटणाऱ्याची परीक्षा. माझ्या सख्ख्या मामाला एका बारशात मांडीऐवजी खांदा आला. त्या घरचा चहा त्यानं अजून सोडलेला आहे. जुमादिल आकेच्या हातून मात्र कुणी रुसून उठल्याचं कुणाला आठवत नाही. तो आधी सगळ्यांकडे एकदा शांतपणे पाहून घ्यायचा आणि मग सुरी उचलायचा.

आता कनिशायबद्दल सांगायला हवं. ही आमच्या वर्गात सगळ्यात लहान. वरच्या कुरणांकडच्या गावातून आलेली, गाल थंडीनं कायम फुटलेले, बोलली तर ऐकू येण्याइतकं आणि तेही विचारल्यावर. हिचीही जागा सरकारी. आई मॉस्कोत एका खानावळीत भांडी घासायची आणि मावशीही तिथेच. मावशी दर आठवड्याला फोन करायची. "शिकून काय करणार गं? इथे आमच्या खोलीतली एक खाट रिकामी झालीय. तुझ्यासाठी गादीसुद्धा घेऊन ठेवलीय." कनिशाय "हो मावशी" म्हणायची आणि फोन ठेवला की गणिताचं पुस्तक उघडायची. जागा गेली तर फी भरणारं कुणी नव्हतं. मग ती गादी होतीच.

वसंतात आम्हाला गटांनी काम लावून दिलं. जुमादिल आकेच्या गटात चौघं. तो स्वतः, रिस्कुल नावाचा जाडा, जो जेवणाच्या आणि विनोदाच्या वेळा कधी चुकवत नसे, गुल्झिना, जिचं अक्षर छापल्यासारखं आणि जीभ सुईसारखी, आणि कनिशाय. काम असं, की धरणाच्या पायथ्यापासून शेवटच्या गावापर्यंत पाटाचं किती पाणी वाटेत मुरतं ते मोजायचं. मी शेजारच्या गटात होतो, पण आमच्या गटाकडे गाडी नव्हती आणि जुमादिल आकेकडे जुनी, एका दाराची गाडी होती. म्हणजे दारं चार होती, उघडायचं एक. त्यामुळे मी त्यांच्याबरोबर बहुतेक रोज जायचो.

वितळलेल्या बर्फाचं ते पाणी. त्यात मांडीपर्यंत उतरून पंखा लावलेली दांडी धरून उभं राहायचं, पंख्याचे फेरे मोजायचे, मग दोन पावलं पुढे. कनिशाय उतरायची. रिस्कुल काठावरून आकडे लिहायचा आणि लिहिता लिहिता सूर्यफुलाच्या बिया खायचा. गुल्झिना छत्रीखाली बसून नकाशा काढायची.

"अगं ए पोरी, बाहेर ये, निळी पडलीस," जुमादिल आके ओरडायचा.

"अजून दोनदा मोजते, आके."

"मी उतरू का?"

"तू उतरलास तर तुला वर काढायला क्रेन लागेल," गुल्झिना म्हणायची.

तो हसायचा आणि गाडीतला चहाचा थर्मास काढायचा. त्याचं काम एवढंच. गाडी चालवणं, चहा, नान आणि पाटकऱ्यांशी बोलणं. ते बोलणं साधं नव्हतं. पाटाची दारं पाटकऱ्याच्या हातात; त्यानं मोजण्यापुरती दारं बंद केली नाहीत तर सगळे आकडे फुकट. आणि पाटकरी विद्यार्थ्यांना आत घ्यायलाच तयार नसत. जुमादिल आके जायचा, उंबऱ्याशी बसायचा, त्यांच्या आजोबांची चौकशी करायचा, आणि थोड्या वेळानं पाटकरी किल्ल्या घेऊन त्याच्या मागून चालत यायचा. रात्री सगळी आकडेमोड वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कनिशाय करायची.

काम संपलं त्या दिवशी शेवटच्या गावच्या पाटकऱ्यानं मेंढा कापला. कनिशायनं पाटाच्या काठी बसून वजडी धुतली, चूल पेटवली, बादल्या आणल्या, हातावर पाणी घातलं. मग जुमादिल आकेनं वाटणी केली. कमरेचं हाड पाटकऱ्याच्या म्हाताऱ्या चुलत्याला, आणि असं उतरत उतरत शेवटी बारीक नळी कनिशायला. ती खुशीत खाली मान घालून चोखत बसली. जुमादिल आकेनं आपल्या वाट्याच्या हाडावरचा मोठा तुकडा कापला आणि काही न बोलता तिच्या ताटात टाकला. त्यात काही विशेष नव्हतं. मोठं हाड ज्याला मिळतं त्यानं त्यातलं धाकट्याला द्यायचंच असतं. आणि ती बारीक नळी पाहून, ह्या मुलीनं आज काही काम केलं नाही, असं आमच्या गावात वेड्यालाही वाटलं नसतं.

त्याच सुमारास वर्गांतले बाक कमी व्हायला लागले. सकाळी यावं तर मागची रांग गायब. शिपायाला विचारलं तर म्हणे रंगवायला नेलेत. रंग कुठे दिसेना. गुल्झिनाची आत्या तंत्रशाळेच्या कचेरीत चहा द्यायची. ती म्हणाली, राजधानीतून फोन येतात, सरकारी जागा फार झाल्या म्हणतात. कचेरीतले लोक बोलता बोलता ती आत आली की गप्प बसतात. आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं. राजधानीतून फोन येतच असतात.

मग एक दिवस तिलेक आगाय पानं घेऊन वर्गात आला. आगाय म्हणजे मास्तर. हा आमचा पाणीमोजणीचा मास्तर, नुकताच परदेशी प्रशिक्षण घेऊन आलेला, जुमादिल आकेपेक्षा चार वर्षांनी लहान. वर्गात जुमादिल त्याला आगाय म्हणायचा आणि बाजारात भेटला की तो जुमादिलला आके म्हणायचा. दोघांनाही त्यात अवघडल्यासारखं होई. त्या दिवशी त्याचा चेहरा झोप न झालेल्या माणसासारखा होता.

"गटातल्या प्रत्येकानं किती काम केलं, हे आता मी ठरवणार नाही," तो म्हणाला. "तुम्हीच ठरवायचं. प्रत्येकाला शंभर गुण. ते आपल्या गटातल्या इतरांत वाटा. स्वतःला द्यायचे नाहीत. कुणी कुणाला किती दिले ते कुणाला कळणार नाही. ज्याला सरासरी वीसही मिळाले नाहीत, त्याचं योगदान अपुरं."

वर्गात थोडी कुजबुज झाली. रिस्कुल उठून उभा राहिला. "आगाय, म्हणजे मांस वाटायचंय, असं सरळ म्हणा ना!"

सगळे हसले. तिलेक आगायही हसला, घाईघाईनं, दाराकडे बघत. "हो, हो. तसंच समजा."

तसंच समजलं. सगळ्यांनीच. मागाहून कळलं ते असं: रिस्कुलनं साठ गुण जुमादिल आकेला दिले, गुल्झिनाला पंचवीस, कनिशायला पंधरा. गुल्झिनानं तेच केलं, फक्त तिच्या जागी रिस्कुल. स्वतः कनिशायनं जुमादिल आकेला साठ देऊन उरलेले दोघांत सारखे वाटले, कारण कोण मोठं ते तिला विचारायची लाज वाटली. जुमादिल आके बराच वेळ पान समोर धरून बसला. त्यानं चष्मा काढला, पुसला, आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. मग वयाच्या क्रमानं वाटणी केली आणि घडी घातली. धाकटीला मोठ्यांच्या वर बसवून तिची फजिती करणं त्याच्या हातून होण्यातलं नव्हतं.

पानं तिलेक आगायकडे राहिली नाहीत. ती गोळा करायला उपसंचालिका राखिमा एजे स्वतः आली. एजे म्हणजे मोठी बहीण. राखिमा एजेचा आवाज इतका मऊ की ऐकणारा आपोआप पुढे वाकतो. तिनं पानं छातीशी धरली, कनिशायच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली.

निकाल फळ्यावर लागला. जुमादिल आके सगळ्या वर्गात पहिला. आयुष्यात पहिल्यांदा. रिस्कुलनं त्याला मिठी मारली, "अरे, आमच्या आकेनं पुस्तक न उघडता..." आणि तिथेच थांबला. त्याचं बोट फळ्यावर खाली सरकलं होतं.

कनिशाय: योगदान अपुरे. अनुत्तीर्ण.

आम्ही बाकीचे गट वाचायला लागलो. प्रत्येक गटातलं एक नाव तसंच. आमच्या गटातलं, त्यापलीकडच्या गटातलं. प्रत्येक गटातला धाकटा. त्यांतले बहुतेक सरकारी जागेवर आलेले. फळ्यापुढे इतकी गर्दी असून कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. ज्यांची नावं खाली होती ती पोरं आपल्या मोठ्यांकडे बघत होती. रागानं नव्हे, ती अजून हसत होती, कुणीतरी पुढे होईल आणि आता आपल्या ताटात तुकडा टाकेल अशी वाट बघत.

जुमादिल आके कनिशायला घेऊन उपसंचालिकेच्या खोलीत गेला. मागोमाग रिस्कुल, गुल्झिना आणि कुणी हटकलं नाही म्हणून मी.

राखिमा एजेनं गोड गोळ्यांची वाटी पुढे केली. "बसा. जुमादिल, तुझं अभिनंदन. आम्ही सगळ्यांना तुझं उदाहरण देणार आहोत."

"एजे, चूक झालीय," जुमादिल आके उभाच होता. "काम हिनं केलंय. पाण्यात ही उतरली. हिशेब हिनं केला."

"असं? मग तिला इतके कमी कुणी दिले?"

राखिमा एजेची नजर एकेकावरून फिरली.

"मी दिले," जुमादिल आके म्हणाला.

"आणि तुम्ही?"

रिस्कुल आणि गुल्झिना जमिनीकडे बघत होते.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट लिहिलीत." राखिमा एजे खरंच कौतुकानं बोलत होती. "इतकी एकवाक्यता आम्हा मास्तरांत कधी होत नाही. आम्ही कुणाला काढलं का, सांगा बरं. आमची तर हिंमतच झाली नसती. तुमचं तुम्हीच ठरवलंत."

"माझ्यातले काढून हिला द्या."

"कसे देणार?"

"देतात, एजे. आमच्यात, तुमच्यातही. मोठ्याला मोठं हाड मिळतं ते त्यानं कापून द्यावं म्हणूनच. मी ते धरूनच वाटणी केली होती."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं त्या एका क्षणी तिला सगळं कळलं होतं. कदाचित आधीपासूनच कळत होतं; तीही इथलीच, तिच्याही घरी मेंढे कापले जातात. "ते घरी, जुमादिल," ती म्हणाली. "इथे एकदा लिहिलं की लिहिलं."

"मग पानं रद्द करा."

"करते की. तुम्ही चौघांनी खोटं लिहिलं असं लिहून द्या. मग तुमच्या गटाचं मूल्यमापन झालंच नाही. म्हणजे चौघंही नापास." वाटी तिनं आणखी थोडी पुढे सरकवली. "तीन सरकारी जागा आहेत ना तुमच्या गटात? तू, ही आणि गुल्झिना."

गुल्झिनानं दाराची चौकट पकडली.

"किंवा," राखिमा एजे म्हणाली, आणि आम्ही सगळे पुढे वाकलो, "गटातला कुणी आपणहून लिहून देऊ शकतो की मी काम केलं नाही. मग त्याचे गुण इतरांत आपोआप वाटले जातात. गटातून एक खाली राहिला की झालं. कोण, ते आम्ही कशाला सांगू?"

बाहेर आल्यावर रिस्कुलनं आकेची बाही धरली. "लिहायचं नाही. ऐकलंस? गाडी कुणी चालवली? पाटाची दारं कुणाच्या शब्दावर बंद झाली? तू नसतास तर पाटकऱ्यांनी आपल्यावर कुत्री सोडली असती."

"हे पानावर कुठल्या रकान्यात येतं रे?"

"कुठल्याही येवो!"

"पाण्यात कोण उतरलं, ते सांग."

"तुझी कंबर..."

"तेच म्हणतोय मी."

कनिशाय भिंतीला टेकून उभी होती. "आके, राहू दे. मी जाते मॉस्कोला. मावशीनं गादीसुद्धा घेतलीय."

"कुणी गादी घेतली म्हणून लगेच झोपायला जायचं असतं होय?" तो चिडला. त्याला चिडलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. "मी झोपलोय त्या खोल्यांत. एका खाटेवर दिवसा एक, रात्री दुसरा. माहितीये तुला?"

"आणि तुझी नोकरी?" गुल्झिना म्हणाली. तिच्या बोलण्यात आज सुई नव्हती. "साहेबानं शब्द दिलाय तुला. पुन्हा इतकी वर्षं थांबणारेय का तो?"

"नाही थांबणार."

"घरी काय सांगशील?"

"सांगेन, पास होण्याइतकं काम केलं नाही. बायको म्हणेल, हे मला लग्नापासून माहीत आहे."

त्यानं खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवला आणि उभ्यानंच लिहिलं, कारण वाकून बसणं त्या दिवशी त्याला जमलं नसतं. लिहिलेलं त्यानं गुल्झिनापुढे धरलं, चुका बघ म्हणून. ती वळून चालती झाली. मग रिस्कुलनं वाचलं. ओठ हलवत, सावकाश. 'या कामात मी काहीही केले नाही. माझ्या वाट्याचे काम कनिशायने केले.'

"एक शब्द खोटा आहे," रिस्कुल म्हणाला.

"कुठला?"

"काहीही."

"तोच त्यांना हवाय," जुमादिल आके म्हणाला आणि कागद घेऊन आत गेला.

संध्याकाळच्या आत फळ्यावरचं पान बदललं. कनिशाय उत्तीर्ण. जुमादिलचं नाव तळाला. राखिमा एजेनं शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या गटांतल्या मोठ्यांना तिनं एकेकाला खोलीत बोलवायला सुरुवात केली, मऊ आवाजात, गोळ्यांची वाटी पुढे करून. जुमादिलनं काय केलं ते सांगायची. काही जण आतून बाहेर येत ते थेट वसतिगृहात जाऊन सामान बांधायला लागत. बरेच जण बाहेर येत आणि आपल्या गटातल्या धाकट्याशी बोलायचं टाळत. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एकही मेंढा नीट वाटला गेला नाही. कारण काय ते कुणी बोलून दाखवलं नाही, पण जो तो हाड पुढे आलं की आधी शेजाऱ्याच्या ताटात बघायचा.

जुमादिल आके सामान न्यायला आला तेव्हा अंगणात तिलेक आगाय आडवा आला. वर्ग नव्हता, त्यामुळे तो त्याला आके म्हणाला.

"आके, तुम्ही हे का केलंत?"

"आगाय, मांस वाटायचंय का, असं पोरानं विचारलं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात, तसंच समजा."

तिलेक आगायचे कान लाल झाले. बराच वेळ त्यानं बुटानं माती उकरली. "माझ्याकडून नुसती यादी हवी होती त्यांना," तो म्हणाला. "उन्हाळ्याआधी. माझी नोकरीही वर्षाच्या करारावर आहे."

"झाली ना यादी?"

"या वेळची झाली," तिलेक आगाय म्हणाला.

त्या शरदात मी एकदा राजधानीला निघालो तर थांब्यावर तीच गाडी उभी. जुमादिल आके आता प्रवासी नेतो. धरणावरच्या साहेबानं दुसऱ्या कुणाला घेतलं. आकेनं मला पुढे बसवलं. मागे तीन बायका आणि एक कोंबड्यांची टोपली. घाटाच्या वळणावर पट्टा त्याला टोचत होता, तो एका हातानं तो सैल करायचा आणि दुसऱ्या हातानं गाडी वळवायचा, आणि मागच्या बायका अल्लाचं नाव घ्यायच्या.

"कनिशायची जागा राहिली ना?" त्यानं विचारलं.

"राहिली. पहिली आलीय आता."

"आणि माझ्या जागी कोण बसतं?"

"मला टाकलंय त्या गटात."

"बरं झालं," तो म्हणाला. "तू तरी पाण्यात उतर."

मी उतरत होतोच. काम पुन्हा पाटाचंच होतं, या खेपेला दारांतून गळणारं पाणी. पण आता पाटकऱ्यांकडे जाऊन उंबऱ्याशी बसणारं कुणी नव्हतं. आम्ही जायचो, ते नाही म्हणायचे, आम्ही परत यायचो. कनिशाय अजूनही सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरायची, अजूनही थर्मासमधला चहा आधी आम्हाला द्यायची, रिस्कुलला आके आणि गुल्झिनाला एजेच म्हणायची. तिच्यात काय बदललं ते मला बरेच दिवस नीट सांगता आलं नसतं. एकदा मी दांडी काठावर ठेवून हात चोळत होतो. ती खालून म्हणाली, "आज तुम्ही दोनदाच उतरलात." मी हसलो. ती हसली नाही. तिला मला टोमणा मारायचा नव्हता. तिनं फक्त पाहिलं होतं.

रिस्कुलनं त्या दिवसापासून बिया आणणं बंद केलं. गुल्झिना छत्री वसतिगृहात ठेवून यायला लागली. आम्ही सगळे फार काम करायचो आणि एकमेकांच्या नजरेला येईल अशा जागी उभं राहून करायचो. काठावर पूर्वीसारखं कुणी कुणाला ओरडून बोलवत नसे.

कडाक्याची थंडी पडली आणि तिलेक आगाय पानं घेऊन आला. वर्गात आता पुढच्या तीनच रांगा उरल्या होत्या, त्यामुळे त्याला आवाज चढवावा लागला नाही.

"नियम तोच," तो म्हणाला. "एक वाढवलाय. काही जण सगळ्यांना सारखे गुण द्यायचं ठरवताहेत असं कचेरीला कळलंय. सारखी वाटणी केलेली पानं बाद होतील."

रिस्कुलकडे मी पाहिलं. तो उभा राहून काहीतरी बोलेल असं मला उगाच वाटलं. तो पेनाचं टोपण दातांत धरून खिडकीबाहेर बघत होता.

पान माझ्यापुढे आलं. वर गुण वाटणाऱ्याचं नाव आणि खाली तीन नावं. रिस्कुलची जागा पैसे भरून घेतलेली, तो नापास झाला तर बापाचे पैसे जातील आणि पुन्हा बसेल. माझीही तशीच. सरकारी जागा गटात दोनच उरल्या होत्या. मी पेन हातात धरून बसलो. गुल्झिनाही तशीच बसली होती, दोन्ही हात पानावर पालथे ठेवून.

कनिशायनं टोपण काढलं. रिस्कुलच्या नावापुढे लिहिलं, मग माझ्या नावापुढे. न थांबता, गणित सोडवावं तसं. तिसऱ्या नावापाशी तिचं पेन अडलं. तिनं मान वर केली.

"गुल्झिना एजे," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी पाऊस लागला, आम्ही पाण्यात होतो, तेव्हा तू पुलाखाली उभी होतीस ना?"

गुल्झिनानं तिच्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली.

कनिशायनं मान हलवली आणि आकडा लिहिला.